उजळणी

तोर्निके तेवीस वर्षांचा, माझा मालक.
मला लामारा मावशी म्हणतो, आणि रागावतो.
"फडकं पडलं ना जमिनीवर? मग ते मेलं. दुसरं घे."
रुस्तावीच्या गाडीबाजारात वारा सुटला
की धूळ सगळ्यांच्या तोंडात, सगळ्यांच्या फडक्यांत,
आणि या कामात एक कण पुरतो.

तीस वर्षं मी कवळ्या घासल्या.
दवाखान्याच्या तळघरात, लोकरीच्या चाकावर,
ओली राखाडी पूड बोटांवर घेऊन
अख्ख्या गावाचं हसू गुळगुळीत केलं.
आता दात दुसऱ्या शहरात यंत्र छापतं.
चाक मला कळतं, असं मी पहिल्या दिवशी म्हटलं,
तर म्हणाला, हे प्लास्टिक दातांहून लाजरं आहे.

आहेच.
गिअरभोवतीची ही चकचकीत काळी पट्टी
शोरूममध्ये पियानो, घरी नेली की पाटी.
अंगठी लिहिते, किल्ली लिहिते,
कॉफीच्या कपाचं बूड लिहितं,
आणि सगळ्यांत जास्त लिहितो तो,
जो रोज सकाळी प्रेमाने पुसतो.

पहिली पट्टी मी जाळली.
हात कवळीचा, दाब कवळीचा.
पॅड गरगरलं, वास आला,
आणि काळ्यावर मोतीबिंदू चढला.
तोर्निके काही बोलला नाही.
दुपारी फक्त "नव्वद लारी" म्हणाला,
आणि राजम्याची गरम लोबियानी तोडून
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

मग शिकले.
आधी फुंकर, मग पाणी, मग फडकं, तेही टेकवायचं फक्त.
पॉलिश वाटाण्याएवढं. शेजारच्या चामड्याला निळी टेप.
दिवा तिरका धरायचा;
समोरून काय, सगळंच चांगलं दिसतं.
आणि एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही:
ओरखडा निघत नसतो.
तो तिथेच असतो, तेवढाच खोल.
आपण त्याच्या शेजारचं सगळं
झिजवत झिजवत त्याच्या पायरीवर आणतो.
तीस वर्षांत दातांनी मला हे का सांगितलं नाही, कोण जाणे.

गुरुवारी ती रुपेरी गाडी आली.
पोतीच्या बंदरातून, त्याआधी समुद्र,
त्याआधी अमेरिकेतला कुठलातरी रस्ता.
नाक मेराबने ठोकून सरळ केलं होतं.
फुटलेल्या एअरबॅगची पांढरी भुकटी फटींत तशीच;
काडीला कापूस गुंडाळून मी ती वेचली.
मग दिवा तिरका.
शेजारच्या सीटकडे, दाराच्या काळ्या पट्टीवर
चार रेघा.
खालून वर, एकमेकींना धरून, चौथी जरा आखूड.
मी माझी चार बोटं ठेवून पाहिली.
बसली.

"तोर्निके, ही माणसं वाचली का रे?"
"मावशी, कागदावर फक्त गाडीचं लिहितात."

दोन तास लागले.
हात असा ठेवला, जणू पट्टीखाली
कुणाची तरी हिरडी आहे.
तीन गेल्या. आखूड चौथी हटून बसली,
मग तीही.
त्या जागी दिवा आला, छताचा पत्रा आला,
माझी हनुवटी आली.
वाटला होता तसा आनंद झाला नाही.
झाला, पण उशिरा,
घरी, बश्या विसळताना.

शनिवारी येरेवानचं गिऱ्हाईक. कोट नवा, बूट जुने.
चाकांना लाथा मारून पाहिल्या, आत बसला,
दाराच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.
"नवी घातली?"
तोर्निकेने हनुवटीनेच मला दाखवलं.
मी उगाच एप्रनला हात पुसले, कोरडेच होते.
नोटा मोजायला दोन्ही हात हवेत, म्हणून त्याने
मुठीतला जुडगा, सात किल्ल्या नि एक बाटलीचं ओपनर,
गिअरशेजारी
टाकला.

तोर्निकेने डोळे मिटले.
मी फडकं शोधलं, ते पायाशी पडलं होतं.
दुसरं घेतलं.