डॉक्टरबाईंचा शुक्रवार

आठवडा म्हणजे चार-चार तासांचे दहा तुकडे.
करारात तसंच लिहिलंय.
सात तुकडे डोळ्यांचे: मोतीबिंदू, काचबिंदू,
साखरेने पोखरलेले पडदे.
एक शिकाऊ पोरांना, एक बैठकांना,
आणि एक वाचनाचा.
त्यात बाई डबा खातात
आणि कुणाला न विचारता आणखी दोघांना तपासतात.

मी त्यांची टायपिस्ट. एकोणीस वर्षं
त्यांचा आवाज कानात घालून पत्रं उतरवते.
उजवा डोळा, डावा डोळा, स्वल्पविराम.
मध्येच बाई थांबल्या की मला कळतं,
खिडकीबाहेर बोट बंदरात शिरतेय,
नाहीतर ज्याचं पत्र आहे
त्याची नजर जाणार आहे.

साठी आली तसा एडिनबराहून एक पोरगा आला,
पेन्शनचे आलेख घेऊन.
आज सोडलंत तर इतके, तीन वर्षांनी इतके,
अर्धवेळ राहिलात तर कर असा.
बाईंनी विचारलं, "आणि मिसेस स्वॉन्सनचा दुसरा डोळा?"
त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

(माझी पासष्टी मार्चमध्ये.
माझ्याकडे आलेख घेऊन कोणी आलं नाही.)

जागेची जाहिरात तीनदा दिली.
विक म्हणजे नकाशाचं वरचं टोक.
एक जण आला, जेवला, वारा अंगावर घेतला,
सकाळच्या गाडीने गेला.
माणसांना वाऱ्यावर कसं सोडायचं, बाई म्हणाल्या,
इथं वाराच तेवढा आहे.

शेवटी दहाचे सहा केले.
शुक्रवार मीच खोडला, पेन्सिलीचाच होता.
शुक्रवारी त्या होडी रंगवणार होत्या,
नवरा गेल्यापासून शेडमध्ये पालथी पडलेली.

पहिल्या शुक्रवारी साडेनऊला फोन:
"एफी, कोणी आलंय का गं?"
दुसऱ्या शुक्रवारी स्वतःच आल्या. नखांत निळा रंग.
म्हणाल्या, एक हात वाळायला चार तास लागतात,
म्हणजे बरोबर एक तुकडा.
बाकावर मिसेस स्वॉन्सन बसलेली होतीच.
तिला कोणी बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी मी रेकॉर्डर लावला.
उजवा डोळा, डावा डोळा, स्वल्पविराम.
मग बराच वेळ काहीच नाही.
बंदराची वही काढून पाहिली:
त्या दिवशी एकही बोट आली नव्हती.

पत्र कुणाचं,
ते नाव बाईंनी अजून सांगितलं नव्हतं.