खडूचं बटण

यंत्र आलं तेव्हा आम्ही नारळ फोडला.
हार लाकडी खोक्यालाच घातला,
कारण खोकं उघडायचा आदेश वेगळा निघतो
आणि थ्री-फेजची जोडणी भलत्याच टेबलावर अडते.
खोक्यावर आता पाण्याचा पिंप आहे.

ही तिसरी बॅच.
मी फळ्यावर पॅनल काढतो, अगदी मापात :
एक्स इकडं, झेड तिकडं,
हिरवं सायकल स्टार्ट,
कोपऱ्यात लाल इमर्जन्सी, अळंबीएवढं.
पोरं रांगेनं येतात, बोटानं दाबतात,
जाताना विजारीला खडू पुसतात.
पहिल्याच दिवशी मिस्बा मुजावरनं विचारलं,
"सर, चालू झाल्यावर आवाज कसा येतो?"
मी तोंडानं काढून दाखवला.
वर्ग हसला. मीही हसलो.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मी तासिकेवरचा.
तास घेतला तर पैसे, आणि पैसे दिवाळीनंतर,
कुठल्या दिवाळीनंतर ते पत्रात नसतं.
म्हणून शिरोलीत रात्रपाळीला कास्टिंग घासतो.
तिथं माझीच दोन पोरं भेटतात, मागच्या बॅचची,
प्रमाणपत्रावर 'कुशल' लिहिलेली.
ग्राइंडरपाशी आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.
डबा मात्र एकत्र खातो.

मार्चमध्ये पोर्टल उघडतं.
यंत्र प्राप्त : होय.
यंत्र कार्यान्वित :
इथं 'होय' दाबल्याशिवाय पुढचं पान येत नाही,
आणि पुढच्या पानावर माझं मानधन.
दाबलं मी. न बघता.
माझंही बोट सरावलेलं.
जूनमध्ये साहेबांच्या भाषणात आमचा जिल्हा
शंभर टक्क्यांत होता. टाळ्या वाजवल्या. आपणच वाजवायच्या, अजून कोण?

परवा मिस्बाचा फोन आला, उद्यमनगरातून.
मागं घरघर ऐकू येत होती, खरी,
माझ्या तोंडच्या आवाजापेक्षा बरीच खालच्या पट्टीतली.
चिकोडे मालक म्हणाले होते, चालवून दाखव.
हात बरोब्बर हिरव्यावर गेला म्हणाली, डोळे मिटून गेला असता.
दाबलं
आणि दचकून मागं घेतला.

"ओ सर, ते बटण आत जातंय की!"

मी फाटकाशी सायकल धरून उभा.
होय गं, म्हणालो. आत जातं ते.
तुम्हाला सांगायचं राहिलं.
मग ती हसली, मग फोन कट झाला, का बॅलन्स संपला,
आणि नोकरीचं काय झालं
हे विचारायचंच राहून गेलं.