सतरा सामन्यांची वही

फेब्रुवारीत ईरी सरोवर काठापर्यंत गोठतं
आणि शनिवारी माझ्या टायरच्या दुकानात
गिऱ्हाइकांपेक्षा पंडितच जास्त जमतात.
हीटरभोवती बसायला जुने टायर.
कॉफी माझी, डोनट ज्याचा संघ सर्वांत वाईट हरला त्याचे.
यंदा पुन्हा काझिमिरनेच आणले.

"चार जिंकल्या, तेरा हरलो," तो म्हणतो,
बाहेरचं तापमान सांगावं तसं.
बार्जमेनचं हरणं त्याच्या पाचवीलाच पुजलेलं;
बापाकडून मिळालं ते एवढंच, आणि एक गळकी बोट.
"पण बचाव सुधारला."
त्याचा बचाव दर वर्षी सुधारतो.

थिओडोशियाच्या ओटर्सनी दहा जिंकून
ऐन वेळी माती खाल्ली.
ती अजून त्या पंचावर दात खाते.
फरशीवर खडूने रेष ओढते, बर्फाने भिजलेला बूट आत ठेवते:
"हा पाय आत नाही, तर काय माझ्या आजीकडे गेलाय?"
डिसेंबरपासून ती रेष मी पुसलेली नाही.

दार उघडलं. आधी थंडी आत आली,
मग लुएला टिब्स.
हातात एमेटची वही, निळी, ग्रीसच्या बोटांची.

थँक्सगिव्हिंगच्या आधल्या मंगळवारी गेला तो.
फर्नेस संघाच्या प्रत्येक सामन्याला एक ओळ, ठाशीव अक्षरात.
सामना तीन: जिंकलो. लायकी नव्हती.
सामना सात: वारा. पोरगा चेंडू फेकतो की आमंत्रण धाडतो?
सामना अकरा: क्वार्टरबॅकचा गुडघा दुखतोय. माझाही.
पुढे कोरं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," लुएला म्हणाली,
"पण त्याने कधी काही अर्धं टाकलं नाही.
तुम्ही सांगा, मी लिहिते."

मग आम्ही सांगितलं.
फर्नेसला जन्मभर शिव्या घातलेला काझिमिर
बाराव्या सामन्यातली ती लांब धाव
डोनटच्या खोक्यावर चमच्याने आखू लागला,
साखरेतून, तीन अडवणारे चुकवत.
तेरावा रद्दी. चौदावा बर्फात, कुणाला काही दिसलं नाही,
तरी तिघांनी तीन प्रकारे सांगितला.
"पंट म्हणजे हार मानणं का?" लुएलाने विचारलं.
"नाही," थिओडोशिया म्हणाली, "हार पुढे ढकलणं."
तिने ते जसंच्या तसं लिहिलं.

सतराव्यापाशी आम्ही सगळे
कॉफीच्या कपात बघू लागलो.
दोन गुण मागे. चार सेकंद.
एकोणतीस यार्डांची किक, झोपेतही मारावी अशी,
आणि चेंडू उजव्या खांबाला लागून परत.
हातातोंडाशी आलेला घास.
"खांबाला लागून आत, असं लिहू," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

लुएलाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"एकेचाळीस वर्षं मी स्वयंपाकघरातून त्याच्या शिव्या ऐकल्या.
ही शेवटची त्याला का नाकारतोस?"
आणि लिहिलं: खांब.
पुढे एमेटची आवडती शिवी, त्याच्याच चुकीच्या स्पेलिंगसकट.

मग उद्याची फायनल. आमच्यातल्या कुणाचाच संघ नाही,
म्हणून आवाज जास्त.
काझिमिर: कोंडोर्स, एकतीस-वीस.
थिओडोशिया: मूज, कारण तो पंच कोंडोर्सच्या गावचा.
मी: मूज, सव्वीस-चोवीस, आणि मला विचारू नका का.
चिठ्ठ्या नटबोल्टच्या डब्यात.

लुएलाने बराच वेळ पेन्सिल चावली.
लिहिलं: एकवीस-एकवीस.
"फायनल बरोबरीत संपत नाही," काझिमिर हळूच म्हणाला.
"मग चालू राहील," ती म्हणाली,
चिठ्ठी डब्यात टाकली
आणि खोक्यातला शेवटचा डोनट उचलला,
धाव आखलेला,
एका बाजूने चपटा.