हुक्केरींचा हात

दुसरा शनिवार. उद्यमनगरात
यशोधनच्या वर्कशॉपवरची खोली.
खाली लेथ झाकून ठेवलेला, ऑइलचा वास मात्र जिना चढून वर.
चिप्स म्हणून वॉशर:
लोखंडी दहाचा, पितळी पन्नासचा,
आणि तांब्याचा शंभराचा,
तो कुणी उगाच बोटांत फिरवत नाही.

माझ्याकडे एक वही आहे.
बायकोला वाटतं दुधाच्या हिशेबाची.
इंगवले: पत्ते चांगले आले की पाण्याचा तांब्या मागतो.
पद्मजाताई: थाप मारायच्या आधी बांगड्या मागं सारतात.
यशोधन: हातात काही नसलं की लई प्रेमानं बोलतो,
"घे की भावा, अजून एक भजी घे की."
हुक्केरींचं पान तीन महिने कोरं,
मग खोडाखोड,
मग नुसतीच प्रश्नचिन्हं.

चाळीस वर्षं गुळाची दलाली केलेला माणूस.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे
आणि रुमालाच्या वर तोंड असं,
की जावयाची चौकशी चालली आहे.
ते तोंड आता माझ्यासमोर, ट्यूबलाइटखाली,
ढेपेसारखं.
फोडल्याशिवाय आतला रवा कळायचा नाही.

एकदा दुर्री-सत्तीवर सगळे वॉशर पुढं ढकलले.
एकदा "नको बाबा" म्हणत पत्ते पालथे टाकले.
इंगवलेनं डाव संपल्यावर उलटून बघितले,
दोन राजे.
खालच्या गल्लीत कुणीतरी बुलेटला किक मारत होतं,
तेवढाच आवाज.

मी लिहिलं: माणूस दूरचं बघतो.
पुढच्या महिन्यात: मुद्दाम मला हलवतो.
त्याच्या पुढच्या: डाव्या अंगठ्यावर लक्ष ठेव.
अंगठा हलला म्हणून मी सोडलं. हरलो.
अंगठा हलला म्हणून मी लढलो. हरलो.
रात्री अंथरुणात, पंख्याच्या जागी, अंगठा.

मग ती डिसेंबरातली रात्र.
इंगवले गेला, ताई गेल्या, यशोधन प्रेमानं बोलत बोलत गेला.
उरलो आम्ही दोघं.
टेबलावर इस्पिकची तीन पानं उघडी,
माझ्याकडे राजाची जोडी, दश्शीची जोडी.
हुक्केरींनी दोन्ही तळव्यांनी
वॉशरचा ढीग पुढं लोटला,
तागडीत ढेप ठेवावी तसा, सावकाश.

अंगठा हलला नाही.
मी पाच मिनिटं त्या न हललेल्या अंगठ्याचा अर्थ लावला,
आणि पत्ते टाकले.

"झालं की इस्पिकचं," म्हणत
त्यांनी कुणी न मागता आपली दोन पानं मांडली.
पद्मजाताई वाकल्या.
"अण्णा, किलवर आहे हो ते."
"व्हय काय?"
पान डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ.
"सोमवारी ऑपरेशन हाय डोळ्याचं.
वरीसभर सगळी पानं काकवीत बुडवल्यागत दिसत्यात."
"आणि ते दोन राजे?"
"राजे हुते?"
एवढं हसले, की खोकला आला,
इंगवलेचा तांब्या त्यांनीच संपवला.

घरी आल्यावर वही उघडली.
माणूस दूरचं बघतो.
माझंच अक्षर, शाई बदलून दोनदा गिरवलेलं.
फाडणार होतो. मागच्या पानावर
खरंच दुधाचा हिशेब निघाला, बायकोच्या हातचा.
ठेवली.

जानेवारीचा दुसरा शनिवार.
हुक्केरी आले काळा चष्मा लावून,
डॉक्टरनी उजेड टाळायला सांगितलेला.
आता पानं लख्ख दिसतात म्हणाले,
बदामाचा रंग एवढा लाल असतो हे विसरलोच होतो म्हणाले.
मी खूश. आता ह्या माणसाला वाचता येणार,
आता हा चांगल्या पत्त्यांना हसणार, वाईटाला कसनुसा होणार.

पत्ते वाटले.
मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.
चष्म्याच्या डाव्या काचेत ट्यूबलाइट,
तिच्याखाली इवलासा मी,
आणि माझ्या बोटांत
तांब्याचा वॉशर
गरागरा फिरत होता.

"बोला," हुक्केरी म्हणाले.