चार-दहा

ड्वाइटने मला आधी टॉप मॉडेल दाखवलं.
पुढचं-मागचं, दोन्ही डिफरेन्शियल लॉक होणारी,
चिखलाचे तेहतीस इंची टायर, पोटाखाली पोलादी पत्रा,
आणि डॅशबोर्डवर लाल कडेचं एक बटण,
जे दाबलं की म्हणे गाडी पायऱ्या चढते.
मी विचारलं, कुणाच्या?
तो हसला. मला खरंच उत्तर हवं होतं.

मी साराटोगाहून रॉलिन्सला जाते, रोज बेचाळीस मैल,
इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला.
वॉलकॉटपर्यंत दुपदरी, मग महामार्ग,
मग वारा.
वाटेत पायऱ्या नाहीत.
दगड आहेत, पण ते तारेच्या कुंपणापलीकडे,
हरणांच्या नावावर.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
नसेल. हप्ता असतो. बहात्तर महिने.

म्हणून मी बेस मॉडेलची चावी मागितली
आणि शेजारच्या क्लेलला बाजूला बसवलं.
क्लेल विन्स्टेड, हॅनाच्या कोळशाच्या खाणीवर
एकतीस वर्षं ट्रकांचे गिअर बसवणारा.
आता त्याच्या बोटांना कपाचा कान धरवत नाही.

जाताना वारा पाठीशी होता.
वारा पाठीशी असला की कुठलीही गाडी चांगली वाटते.
क्लेल बोलला नाही. खिडकीतून बर्फाची कुंपणं मोजत राहिला.
वॉलकॉटच्या पंपावरून आम्ही परत फिरलो,
आणि तो म्हणाला, रेडिओ बंद कर.

आठवा. सातवा. आठवा.
सातवा. सहावा.
झोप न लागलेलं माणूस कूस बदलतं
तसे गिअर आपले आपण बदलत राहिले.
फोर्ट स्टीलच्या चढाला एक ट्रकवाला
आम्हाला ओलांडून गेला. जाताना हात केला त्याने.

तीन-पंचेचाळीस, क्लेल म्हणाला.
धाप लागलीय तिला. तुला चार-दहा हवा.

मला ती वेळ वाटली.
चार-दहाला मी उठतेच, म्हटलं.

मग त्याने डावी मूठ वळली, जितकी वळली तितकी,
आणि उजव्या हाताचं वाकडं बोट तिच्याभोवती फिरवलं:
चाक एकदा फिरायचं तर दांडा किती वेळा फिरतो,
तेवढाच हा आकडा, त्यात विद्या काही नाही.
जास्त वेळा फिरला तर पेट्रोल थोडं जास्त पिते,
पण ओझं ओढताना रडत नाही.

पण मला कुठे दगड चढायचेत, मी म्हणाले.

नाहीच चढायचे, तो म्हणाला.
तुला वारा चढायचाय.

सिंक्लेअरच्या रिफायनरीचा धूर
तेव्हा जमिनीला समांतर झोपला होता.

ड्वाइटने संगणकात बराच वेळ पाहिलं.
चार-दहा एक तर टॉपला मिळतो,
नाहीतर मधल्या मॉडेलला, ट्रेलर ओढायच्या पॅकेजमध्ये.
ट्रेलर आहे का तुमच्याकडे?
आहे, म्हटलं. दिसत नाही इतकंच.

मधलं घेतलं. साधे रस्त्याचे टायर,
कापडी सीट, पण खालून गरम होणारी,
आणि मागे एक हूक, ज्याला आजवर काही अडकवलं नाही.
महिन्याला पेट्रोलचे अठरा डॉलर जास्त जातात.
क्लेलला सांगितलं तर म्हणाला,
लोक यापेक्षा जास्त कॉफीत घालवतात.
आणि तो स्वतः माझीच कॉफी पीत होता,
दोन्ही तळव्यांत कप धरून.

आता चढाला ती सातव्यात जाते आणि तिथेच राहते.
बास. एवढंच विकत घेतलं मी.

पण खोटं कशाला बोलू,
जिथे ते लाल कडेचं बटण असतं
तिथे माझ्या गाडीत काळ्या प्लास्टिकची एक कोरी पट्टी आहे.
फेब्रुवारीत, समोरचा रस्ता पांढरा होऊन
आडवा वाहायला लागतो, तेव्हा
माझा अंगठा आपोआप तिच्यावर जाऊन बसतो
आणि दाबतो.