खेळाडू : दोन ते चार

'गुरुवारी पाणी नाही' हे आमच्या खेळाचं नाव.
शर्विलने ठेवलं, मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

आधी वहीच्या कागदावर होता.
टँकरला सहा चाकं, सेक्रेटरीला मिशी,
बादलीच्या पानावर नुसतीच बादली, हिरवी, कडी तुटलेली.
आठवड्यात पानांचे कान मुडपले,
आणि उजेडासमोर बसलं की आरपार दिसायचं
बोअरवेल कुणाच्या हातात आहे ते.
"आपण छापू," तो म्हणाला,
आपण जेवू म्हणावं तसं.

अप्पा बळवंत चौकात दुकानदाराने विचारलं, किती जीएसएम?
मी म्हटलं, पत्त्यांसारखं.
त्याने तीन कागद पुढे टाकले.
शर्विलने एकेक कानाशी धरून टिचकी मारली,
कलिंगड घेताना मारतात तशी.
"हा."
तीनशेचा निघाला. गुंडाळू नका, म्हणाला.
धायरीपर्यंत बसमध्ये तो गठ्ठा मांडीवर आडवा,
शेजारी वाढलेलं ताट न्यावं तसा.

एका तावावर नऊ. नऊ सक चोपन्न.
आणि आम्हाला सुचली होती त्रेपन्नच.

घरचा प्रिंटर जाड कागद गिळताना
घशात काटा अडकल्यासारखा करतो.
पहिला ताव फसला.
दुसऱ्याच्या ओल्या निळ्यावर माझंच बोट.
तिसऱ्याची पाठ दोन मिलिमीटर सरकली.
लांब कड, लहान कड, पुन्हा लांब कड,
रात्रीचे पावणेबारा,
आणि दारात खालच्या मजल्यावरच्या किंजवडेकर बाई :
"मोटर चालू राहिलीय का तुमची?"
नाही हो. पत्ते छापतोय.
त्या जरा वेळ तशाच उभ्या.
"कसले?"

कापायला नारायण पेठेत, नाझरेकाकांकडे.
त्यांचं मधलं बोट पेरभर कमी.
शर्विल बघत राहिला. काकांनी बघू दिलं.
"एकदाच झालं. तेव्हापासून मशीनशी गप्पा बंद, फक्त काम."
सहा ताव एकावर एक.
खट्. खट्.
पैसे घेतले नाहीत, एक पान मागितलं : सेक्रेटरी.
"आमचा अगदी असाच दिसतो."

मग सेक्रेटरी पुन्हा छापला, एकटाच,
फिकट, घरच्या कात्रीने कापलेला.
पालथा ठेवला तरी ओळखू येतो.
आम्ही दोघंही ओळखतो
आणि दर वेळी दचकतो.
कोऱ्या पानावर काढ ना, म्हटलं होतं मी.
"नको. ते कोरं असू दे."

नियमांचं पत्रक सगळ्यात शेवटी.
*खेळाडू : दोन ते चार.*
तो खांद्यावरून वाचत होता.
"चार कोण?"
डब्यावर असं लिहायची पद्धत असते, म्हटलं.
जूनपासून हा पत्ता आमच्या दोघांचा,
दारावरची पाटीसुद्धा याच प्रिंटरची, 'र' जरा पुसट.
"बाबा रविवारी खेळेल," तो म्हणाला, "पण रविवारीच."
कर्सर त्या आकड्यापाशी लुकलुकत होता.
मी चार राहू दिलं. शाई कमी होती.

गुरुवारी संध्याकाळी खरंच पाणी नव्हतं.
किंजवडेकर बाई बादली घेऊन आल्या,
ती अर्धी भरून दिली,
तरी निघाल्या नाहीत.
चपला काढल्या, गुडघा धरत खाली बसल्या.
"वाटा. पण आधीच सांगते, हरायची मला सवय नाही."

तिसऱ्या डावात कोरं पान त्यांच्याकडे गेलं.
"हे काय? छापायचं राहिलं वाटतं."
"ते काय आहे ते ज्याला येईल त्याने सांगायचं," शर्विल म्हणाला.
हा नियम मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं.
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
उतारी अजून त्यांचीच आहे.