पान त्रेचाळीस

याकिमाच्या वाचनालयाचं तळघर.
मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
मी खुर्च्या गोल मांडते,
मग एक काढून घेते,
कारण रिकामी खुर्ची दिसली की लोक मोजायला लागतात
कोण आलं नाही, आणि का,
आणि त्या 'का'ची भीती
इथे आधीच कोटांबरोबर खुंटीला टांगलेली असते.

कॉफीचा थर्मास, गोड पाव,
कोपऱ्यात लहानग्यांसाठी चटई आणि मोडके खडू.
गळ्यातल्या कार्डावर माझं नाव, नेरेइदा बारिएन्तोस,
पालक-शिक्षण साहाय्यक, अर्धवेळ.
हातात पुस्तिका,
जी कुणीतरी कुठल्याशा ऑफिसात
इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणली
आणि वाटेत तिचा जीव गेला.

आज पान त्रेचाळीस:
'मूल खोटं बोलतं तेव्हा'.
चार चौकोन, चार बाण,
एक हसरा चेहरा, एक रडका.

सफरचंदांच्या शेडमधून थेट आलेले बाप दाराशी बसतात.
बोटांच्या पेरांत मेणाचा वास,
फळ चकाकावं म्हणून चढवतात ते मेण.
ग्रिसेल्दा विचारते,
हात उगारला नाही तर धाक कसा राहणार?
ओतिलिया म्हणते,
आमच्या आईची चप्पल वळणावरूनसुद्धा नेम धरायची.
सगळे हसतात. मीही.
हसू ओसरल्यावर थोडा वेळ
कुणीच कुणाकडे बघत नाही.

तेवढ्यात एउसेबिओ बोलतो.
पाच मंगळवार तो नुसती टोपी फिरवत बसला होता.

"माझी लेक, सिओमारा. नऊ वर्षांची.
शाळेत बाई बोलतात, ती मला सांगते.
गेल्या महिन्यात बाई बराच वेळ बोलल्या.
कपाळावर आठी. दोनदा मान हलवली.
सिओमारा म्हणाली, पप्पा, त्या म्हणतात मी हुशार आहे,
फक्त अक्षर जरा मोठं येतं."
टोपी थांबते.
"मला इंग्रजी येत नाही.
पण सोळा वर्षं मुकादमांच्या हाताखाली काढलीत.
आठी वाचता येते."

थर्मासचं झाकण थेंब थेंब गळत राहतं.

"मी पोटात घातलं.
बाईंना थँक्यू म्हणालो,
येताना हिला चिंचेचं आइस्क्रीम घेऊन दिलं.
तिनं खाल्लं नाही.
कोपरापर्यंत वितळू दिलं.
आता सांगा, पान कुठलं?"

मी पानाकडे बघते.
बाण कुठूनही निघाला तरी
रडक्या चेहऱ्याशीच जाऊन थांबतो.

वेनाचीचा दवाखाना. मी दहा वर्षांची,
खुर्चीत बसलं की पाय अधांतरी.
डॉक्टर बोलतायत, आई माझ्या तोंडाकडे बघतेय.
मी म्हणाले, गोळ्या घे, बरं वाटेल.
मधलं एक वाक्य मी गिळलं,
ते अजून खाली उतरलेलं नाही.
तिनं ओळखलं होतं का
हे तिला विचारायला आता फोन लागत नाही.

हे मी गटाला सांगत नाही.
प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात,
आपलं गाठोडं खोलीबाहेर ठेवावं.
मी एवढंच म्हणते,
"एउसेबिओ, तिला कळलंय,
की तुम्हाला कळलंय.
आइस्क्रीम त्याचंच होतं."
आणि, थोडं थांबून,
"शाळेकडे दुभाषी मागा. पैसे पडत नाहीत.
तिच्या चुका
दुसऱ्या कुणाला तरी सांगू द्या."

तो नंबर लिहून घेतो,
कागदाची घडी टोपीच्या आतल्या पट्टीत खोचतो
आणि टोपी पहिल्यांदाच डोक्यावर घालतो.

नऊ वाजता अहवालाचा फॉर्म.
पान पूर्ण झालं का? हो. नाही.
मी दोन्ही चौकोन कोरे ठेवते,
मघाची खुर्ची ढिगावर चढवते, दिवे मालवते.

गाडीत बसल्यावर, चावी न फिरवता,
ते गिळलेलं वाक्य
एकदा मोठ्यानं स्पॅनिशमध्ये म्हणून बघते.
सात शब्द.
एकही अवघड नाही.